चोवीस किलो लोकर

मित्रांनो, काही घरांत एक पत्र्याची ट्रंक असते, जी बंद करायला तिच्या झाकणावर गुडघा रोवून बसावे लागते. मी त्यांतलीच. माझा मूळचा रंग हिरवा. आता तो कडांना थोडासा उरला आहे, बाकी सगळीकडे पत्राच दिसतो. माझी एक मूठ निखळली आहे आणि तिच्या जागी सुतळी बांधली आहे. उजवीकडची बिजागरी झाकण उघडताना किंचाळते. वय विचाराल तर चाळिशी केव्हाच उलटली. बोलायची मला फारशी सवय नाही, कारण माझे तोंड कायम दाबून बंद केलेले असे. आता थोडी उसंत मिळाली आहे, म्हणून सांगते. आवाज दमलेला आहे, तेव्हा कान जरा जवळ आणा.

माझा जन्म एका अरुंद बोळातल्या पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. तो कारागीर एका कानाने बहिरा होता. आयुष्यभर पत्रा ठोकल्यावर दुसरे काय होणार? त्याने पत्रा कापला, कडा दुमडल्या, कोपऱ्यांना जाड पट्ट्या ठोकल्या आणि वर हिरवा रंग चढवला. मग मला दोन्ही हातांनी उचलून हलवले आणि कुठे काही खडखडते का ते चांगल्या कानाने ऐकले. समाधान झाल्यावर समोर उभ्या असलेल्या नव्या जोडप्याला तो म्हणाला, "पन्नास वर्षं हिला काही होत नाही. फक्त कोंबू नका."

ते जोडपे म्हणजे घड्याळजी आणि सिस्टर. घड्याळजींचे रस्त्याच्या कोपऱ्यावर घड्याळे दुरुस्त करायचे दुकान होते. दुकान कसले, एक काचेचे कपाट आणि एक स्टूल. सिस्टर मोठ्या इस्पितळात मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या. त्यांना सगळी गल्ली सिस्टरच म्हणायची. घड्याळजीसुद्धा चारचौघांत त्यांना सिस्टरच म्हणत आणि मग स्वतःच हसत.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात दोन खोल्या होत्या. मला मागच्या खोलीत, खिडकीखाली ठेवले. सुरुवातीला माझ्यात दोन जाड चादरी होत्या आणि इस्त्री केलेला सिस्टरांचा पांढरा गणवेश. मग पहिल्या थंडीत निळी लोकर आली.

ती लोकर मला अजून आठवते. अकरा गुंडे, गडद निळे. घड्याळजी दिवसभर उघड्या दुकानात बसत, वारा थेट छातीवर येई, म्हणून सिस्टरांनी त्यांच्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता. रोज ड्यूटीवर जाताना त्या एक गुंडा माझ्यातून काढत आणि बसमध्ये, जेवणाच्या सुटीत, बाळे झोपली की वॉर्डातल्या खुर्चीवर विणत. सहा आठवड्यांत अकराही गुंडे संपले. घड्याळजींनी स्वेटर चढवला, आरशात पाहिले आणि म्हणाले, "अहो सिस्टर, आता गिऱ्हाईक घड्याळाऐवजी मलाच बघत बसेल."

तेव्हा माझे काम सोपे होते. लोकर यायची, चार दिवस मुक्काम करायची आणि जायची. जाताना ती गुंडा म्हणून जायची आणि परत येताना टोपी, मोजा किंवा स्वेटर होऊन यायची. उन्हाळाभर मी ते कपडे सांभाळी आणि थंडी पडली की घरच्यांच्या अंगावर पाठवून देई. माझे झाकण एका बोटाने लागत असे. पाहुणे आले की सिस्टर मला उघडून त्यांना विणकाम दाखवत. लोक हाताला, टाक्यांना, रंगाला नावाजत. मला कुणी नावाजत नसे, पण सगळे माझ्यातून निघते याचा मला मनोमन अभिमान वाटे.

याचे अर्धे श्रेय लोकरवाल्या काकांना द्यायला हवे. बाजारात त्यांचे लहानसे दुकान होते. त्यांच्याकडून लोकर घेणे म्हणजे परीक्षा देण्यासारखे होते. सिस्टर घरी येऊन घड्याळजींना त्यांची नक्कल करून दाखवत, म्हणून मला ते पाठ झाले.

"कुणासाठी?"

"मुलीसाठी."

"वय? छातीचं माप? हात पूर्ण की अर्धे?" आणि मग काका बोटांवर हिशोब करून म्हणत, "सहा गुंडे पुरे. सात मागू नका, देणार नाही. कमी पडला तर या, याच खेपेतला एक बाजूला काढून ठेवतो."

मित्रांनो, लोकर रंगवतात ती खेपेखेपेने. एकाच नावाच्या दोन निळ्या शेजारी धरल्या, तर खेप वेगळी असली की डोळ्याला लगेच कळते. म्हणून काका आधी मोजत आणि मगच विकत.

ज्या मुलीसाठी ते सहा गुंडे आले, ती बिट्टी. घड्याळजी आणि सिस्टर यांची एकुलती एक लेक. मागची खोली हळूहळू तिची झाली. ती माझ्यावर बसून पाढे म्हणायची, माझ्यावर पाय आपटून रुसायची आणि मोठी झाल्यावर माझ्यावर आरसा टेकवून वेणी घालायची. तिचा प्रत्येक थंडीतला स्वेटर माझ्यातून गेला. तिच्या उंचीची मोजणी कुणी भिंतीवर केली नाही, पण मला ती गुंड्यांत ठाऊक होती. चार गुंडे, सहा गुंडे, नऊ गुंडे.

पुढे बिट्टी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली, लग्न झाले आणि ती दुसऱ्या शहरात गेली. त्याच सुमारास काकांचे डोळे अधू झाले आणि त्यांनी दुकान मोडले. उरलासुरला माल त्यांनी मातीमोलाने काढला. त्या दिवशी सिस्टर दोन मोठ्या पिशव्या घेऊन घरी आल्या.

"कुणासाठी एवढी?" घड्याळजींनी डोळ्यावरचे भिंग वर करून विचारले.

"असंच. स्वस्त होती. लागेल की कधीतरी."

माझ्या पोटात पहिल्यांदा अशी लोकर आली जिला कुणाचे माप नव्हते. मी तिला जागा दिली. त्यात मला वावगे वाटले नाही. दोन पिशव्यांनी काय होते?

पुढच्याच वर्षी घड्याळजी गेले. सकाळी दुकान उघडायला गेले आणि काचेच्या कपाटाची कुलूपकिल्ली हातात असतानाच खाली बसले. सिस्टर ज्या इस्पितळात तीस वर्षे राबल्या, तिथेच त्यांना आणले, पण उपयोग झाला नाही. त्यांच्यासाठी राखाडी स्वेटर सुयांवर होता. पाठ, पुढचा भाग आणि एक बाही झाली होती. सिस्टरांनी तो सुयांसकट एका उशीच्या अभ्र्यात गुंडाळून माझ्या अगदी तळाशी ठेवला.

त्यानंतर त्या विणेनात. पण लोकर आणू लागल्या.

हे मला बरीच वर्षे समजले नाही. आता थोडेसे समजते. ड्यूटी संपली की घरी येऊन कुलूप उघडायचे त्यांच्या जिवावर येई. काकांच्या जागी आता एक मोठे, झगझगीत दुकान झाले होते. तिथे कुणी काही विचारत नसे. सिस्टर तिथे तासभर रेंगाळत. हा रंग जावयाला शोभेल, ही बिट्टीला, ही वॉर्डातल्या बाळांच्या टोप्यांना. तो एक तास त्यांच्या डोळ्यांपुढे माणसे असत. मग त्या घरी येत, पिशवी माझ्यात रिकामी करत आणि झाकण लावत. माणसेही तिथेच बंद होत.

बिट्टीला दिवस गेले तेव्हा मात्र त्यांनी पूर्वीसारखी लोकर आणली. फिकट पिवळी, लोण्यासारखी मऊ, पाच गुंडे. आणतानाच त्यांनी कागदावर माप लिहून तो गुंड्यांत खोचला. मला वाटले, आता सुया बाहेर येणार. त्यांनी एक गुंडा गालाला लावला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "एवढी चांगली आहे, उगाच बिघडायला नको. आधी दुसऱ्यावर हात बसवते."

त्या दुसऱ्यासाठी त्यांनी साधी लोकर आणली. ती पिवळीच्या वर ठेवली. मग तिच्यावर आणखी एक. बिट्टीला मुलगी झाली. सिस्टर बाळ बघायला गेल्या, जाताना तयार झबली घेऊन गेल्या.

त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. रिकामा वेळ मिळाला की विणेन, असे त्या सगळ्यांना सांगत. वेळ मिळाला, पण अंगठ्याच्या सांध्यात दुखणे आले होते. आणि आता बाजारात जायचीसुद्धा गरज उरली नव्हती. फोनवर बोट दाबले की लोकर दाराशी. मी तर केव्हाच भरले होते. मग माझ्यावर पिशव्या आल्या, पलंगाखाली खोकी आली, पलंगावर गाठोडी आली. कपाटातून बिट्टीची जुनी पुस्तके निघाली आणि तिथे गुंडे बसले. मागच्या खोलीचे दार पूर्ण उघडेना. सिस्टर आडव्या होऊन आत शिरत.

खालच्या मजल्यावर टेलरबाई राहत. तोंडाने फटकळ, पण जिवाला जीव देणाऱ्या. एकदा त्या आत डोकावून म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या घरात एखादी मेंढी आली ना, तर तिला माहेरी आल्यासारखं वाटेल."

"सगळं ठरलेलं आहे हो माझं," सिस्टर म्हणाल्या. "कशाचं काय करायचं ते डोक्यात पक्कं आहे."

"डोक्यात पक्कं आहे, पण सुई कुठाय?"

सिस्टरांना सुई सापडेना. म्हणून त्यांनी नवी जोडी मागवली. सोबत तीन गुंडेही आले.

मित्रांनो, माझी सर्वांत जड आठवण आता सांगते. ती पिशव्यांच्या वजनाची नाही. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी बिट्टीचा फोन आला. सिस्टर माझ्यावरच्या पिशव्यांवर टेकून बोलत होत्या, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला. बिट्टीच्या घरमालकाने अचानक घर रिकामे करायला सांगितले होते. नवरा कामासाठी लांब होता.

"आई, आम्ही दोघी महिनाभर येऊ का ग तुझ्याकडे? नवं घर मिळेपर्यंत."

"ये ना! विचारतेस काय?" सिस्टर म्हणाल्या. मग त्यांची नजर खोलीवरून फिरली असावी. "फक्त ती मागची खोली जरा आवरायची आहे. आवरली की कळवते हं."

"बरं," बिट्टी म्हणाली. "बघ मग."

सिस्टरांनी त्या दिवशी खरोखरच एक पिशवी उचलली. ती ठेवायला जागा नव्हती, म्हणून परत खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या बाहेर गेल्या आणि माय-लेकींसाठी एकसारखे स्वेटर करायचे म्हणून जांभळी लोकर घेऊन आल्या. फोन काही केला नाही. बिट्टी एका मैत्रिणीच्या घरी दिवाणखान्यात महिनाभर राहिली, हे पुढे कानावर आले. मी पत्र्याची आहे. मला रडता येत नाही. पण त्या दिवसापासून ती जांभळी लोकर मला बोचत राहिली.

यंदा थंडीच्या तोंडावर पुन्हा फोन आला. या वेळी बिट्टीचा आवाज वेगळाच होता.

"आई, माझी तुझ्याच शहरात बदली झाली आहे. ह्यांची व्हायला वर्ष लागेल. रविवारी आम्ही दोघी येतोय. मी विचारत नाहीये, सांगतेय."

सिस्टरांच्या हातात चार दिवस होते. त्या चार दिवसांत त्यांनी खोलीतली गाठोडी स्वयंपाकघरात नेली, स्वयंपाकघरातली न्हाणीच्या माळ्यावर चढवली, माळ्यावरची उतरवून पुन्हा खोलीत आणली. शनिवारी संध्याकाळी त्या पलंगाच्या कडेला मिळालेल्या टीचभर जागेत बसल्या. खोली होती तशीच होती. फक्त सिस्टर दमल्या होत्या.

रविवारी बिट्टी आली. सोबत तिची आठ वर्षांची लेक, पाठीवर दप्तर. ती दारातून डोकावली आणि डोळे विस्फारून म्हणाली, "आजी, तू दुकान काढलंस?"

कुणीच हसले नाही. बिट्टीने सामान बाहेरच्या खोलीत ठेवले, पदर खोचला आणि सरळ माझ्यावरच्या पिशव्या खाली उतरवायला लागली.

"राहू दे ग, मी करते सावकाश," सिस्टर म्हणाल्या.

"आई, मुलगी कुठे झोपणार आहे?"

तिने मला ओढले. मी भरलेली, ती रागावलेली. माझी डावी मूठ तिच्या हातात निघून आली आणि मी भिंतीवर आदळले. इतकी वर्षे दाबून धरलेले झाकण ताडकन उघडले. आतून बारीक पंखांची चार-पाच पाखरे भुर्रकन वर आली.

"कसर लागलीय," बिट्टी म्हणाली.

तिने हात घालून लोकर बाहेर काढायला सुरुवात केली. लाल, हिरवी, मोरपंखी, करडी. कुठे एकच गुंडा, कुठे तीन, कुठे खेप न जुळणारे सात. वरची लोकर धड होती. जसजशी ती खाली गेली, तसतसा भुगा वाढत गेला. शेवटी तिच्या हाताला पिवळी लोकर लागली. तिने गुंडा उचलला आणि त्याचे तुकडे होऊन तिच्या मांडीवर पडले. कागदाची चिठ्ठी तेवढी शाबूत होती.

बिट्टीने ती वाचली. "बाळ, सहा महिने. छाती सतरा इंच." तिने मान वर केली. "ही कुणाची ग?"

सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी नातीकडे बोट केले.

नात जवळ आली. तिने एक पिवळा तुकडा चिमटीत धरला. "हे माझं होतं?"

"हो बाळा."

"मग मला का नाही दिलं?"

"खूप छान विणायचं होतं ना तुझ्यासाठी," सिस्टर म्हणाल्या, "म्हणून ठेवलं होतं."

पोरीने तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "पण मी तर मोठी झाले."

सिस्टर मटकन खाली बसल्या. मुलांच्या वॉर्डात त्यांनी काय काय पाहिले असेल, पण त्यांना असे खाली बसलेले मी घड्याळजी गेल्यावरच पाहिले होते. बिट्टीने लेकीला टेलरबाईंकडे पाठवले. मग दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या.

"आई, मी तीन वर्षांपूर्वी फोन केला होता."

"मी नाही कुठे म्हणाले ग तुला?"

"नाही म्हणाली असतीस तर बरं झालं असतं. तू आवरली की कळवते म्हणालीस. मी वाट बघत होते, आई. रोज वाटायचं, आज फोन येईल, आवरलं म्हणून."

"मी तुमच्यासाठीच आणत होते सगळं."

"मला माहीत आहे." बिट्टी म्हणाली. "पण मला स्वेटर नको होता ग. मला ही खोली हवी होती."

सिस्टरांनी पिवळा भुगा दोन्ही हातांनी गोळा केला, केरसुणीने उरलेला लोटला आणि स्वतःच कचऱ्याच्या डब्यात टाकून आल्या. बिट्टी मदतीला उठली, तर तिला हातानेच थांबवले.

दुसऱ्या दिवसापासून आवराआवर सुरू झाली. ती एका दिवसात झाली असे सांगायला मला आवडले असते, पण तिला अकरा दिवस लागले. टेलरबाईंनी वजनकाटा वर आणला. चांगली आणि कसर लागलेली लोकर वेगळी केली. चांगली कडक उन्हात पसरली, झटकली आणि काट्यावर चढवली. आकडे लिहायचे काम नातीकडे होते. ती प्रत्येक वेळी जीभ बाहेर काढून लिहायची.

"चोवीस किलो," शेवटी तिने बेरीज वाचली.

"एका स्वेटरला अर्धा किलो धरा," टेलरबाई म्हणाल्या. "म्हणजे अठ्ठेचाळीस. वर्षाला किती होतात तुमचे, सिस्टर? खरं सांगा."

सिस्टरांनी अंगठा चोळला. "आता तीन. फार तर."

नातीने भागाकार केला. "सोळा वर्षं. आजी, तू आत्ता सहासष्टची. मग तू ब्याऐंशीची होशील."

"आणि तोवर दुकानाचं तोंड बघायचं नाही," बिट्टी म्हणाली.

सिस्टरांनी तिघींकडे पाहिले. मग त्यांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. मला वाटले हुंदका आहे. पण त्या हसत होत्या. हसता हसता डोळे पुसत होत्या, त्यामुळे दोन्ही असेल.

तरी सोडणे सोपे नव्हते. चौथ्या दिवशी देण्याच्या ढिगातली मोरपंखी लोकर त्यांनी गुपचूप उचलून माझ्यात लपवली. मी काय करणार? बिजागरी किंचाळली आणि बिट्टीने मान वळवली. ती रागावली नाही. तिने फक्त विचारले, "कुणासाठी?" सिस्टरांनी नाव शोधले. पुष्कळ शोधले. मग लोकर काढून ढिगात ठेवली. एकसारखी आणि पुरेशी असलेली लोकर इस्पितळात बाळंतिणींना टोप्या विणायला शिकवतात, तिथे गेली. सुटे गुंडे टेलरबाईंकडे शिकायला येणाऱ्या मुलींनी नेले. सिस्टरांजवळ पाच किलो राहिली. प्रत्येक जुडीवर चिठ्ठी लागली. कुणासाठी, काय, किती गुंडे, कोणती खेप. ज्या जुडीला नाव सापडले नाही, ती राहिली नाही.

तळाचा उशीचा अभ्रा बिट्टीनेच उघडला. दाट विणीचा आणि घट्ट गुंडाळलेला, म्हणून राखाडी स्वेटर वाचला होता. तिने त्याची एकुलती बाही आपल्या हातावर चढवली. "बाबांचा?" सिस्टरांनी मान हलवली. "पुरा करायचा?" सिस्टर म्हणाल्या, "नको. हा असाच राहू दे." तो कुणी मोजला नाही, त्यावर चिठ्ठी लावली नाही. मित्रांनो, सगळेच संपवायचे नसते, हे मला त्या दिवशी कळले. एखादी गोष्ट जपून ठेवायला माझी कधीच हरकत नव्हती. पण तिच्यावर चोवीस किलो ठेवले, तर तिला जपले असे कसे म्हणायचे?

आता मागच्या खोलीत दोन पलंग आहेत. दार भिंतीला टेकेपर्यंत उघडते. टेलरबाईंनी माझ्या मुठीच्या जागी सुतळी बांधली. मला तोल सांभाळायची सवय राहिलेली नाही. इतकी वर्षे ओझ्याने घट्ट बसले होते, आता कुणी चालत गेले तरी हलते. वयाला हे असेच व्हायचे.

सिस्टर अगदी बदलून गेल्या असे समजू नका. गेल्याच महिन्यात फोनवरून दोन गुंडे आले. नातीने पिशवी हातात घेतली, कंबरेवर हात ठेवला आणि विचारले, "कुणासाठी? किती लागेल? माप कुठाय?" सिस्टर ओशाळल्या आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवायला गेल्या. पोरीला कुणी शिकवले कोण जाणे. लोकरवाल्या काकांना तिने पाहिलेलेसुद्धा नाही.

मित्रांनो, मी आता तुमच्याकडे एकच मागणे मागते. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी ट्रंक असेल, कपाट असेल, माळ्यावरचे खोके असेल, तर सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन ते उघडा. वरवर पाहून बंद करू नका, तळापर्यंत हात घाला. नवे काही आणायचे असेल, तर आधी तिथे पाहा. आणायचेच असेल, तर ज्याच्यासाठी आणता त्याचे माप घेऊन जा आणि आणले की त्याच आठवड्यात हातात घ्या. बिघडेल म्हणून भिऊ नका. बिघडलेला टाका उसवता येतो. कसरीने खाल्लेला गुंडा मात्र कुणालाही सांधता येत नाही. आणि आम्हांला कोंबू नका. आम्ही काही बोलत नाही, म्हणून आम्हांला काही होत नाही असे नाही.

परवा सिस्टर नातीला घेऊन बाजारात गेल्या. जाण्याआधी तिला खिडकीपाशी उभे करून टेपने छाती मोजली, हात मोजला. पोरगी गुदगुल्यांनी वाकडी होत होती. "सरळ उभी राहा, नाहीतर एक बाही आखूड होईल," सिस्टर दटावत होत्या. दोघी तासाभराने परतल्या. पिशवीत नारिंगी लोकर होती. सात गुंडे, एका खेपेचे. रंग पोरीने निवडला होता. बिट्टीला तो अजिबात आवडला नाही, तिने तसे तोंडही केले, पण बोलली नाही.

मी नेहमीप्रमाणे झाकण उघडण्याची वाट पाहिली. लोकर या घरात आली की आधी माझ्याकडे येते. पण सिस्टर खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या, अंगठ्याला पट्टी गुंडाळली आणि पायांपाशी पिशवी ठेवून पहिले टाके घालायला लागल्या. नात जमिनीवर बसून गुंडा धरून होती. दोन ओळी झाल्या, एक उसवली, पुन्हा घातली.

माझ्याकडे दोघींपैकी कुणीही पाहिले नाही. फार वर्षांनी मला थोडा आराम वाटला.